चार गुंठ्यांतल्या बैठ्या घराभोवती शोभेचे कुंपण कशाचे करावे?

तुम्ही विचारले आहे की, रत्नागिरीजवळ चार गुंठ्यांत बांधलेल्या बैठ्या घराभोवती सिमेंटची उंच भिंत घालायची नाही, तर बागेची शोभा वाढवणारे कुंपण कशाचे आणि कसे करावे. मी याच तालुक्यात राहतो. स्वतःच्या घराभोवतीचे कुंपण मी दोनदा घातले आहे आणि त्यातले एकदा मोडूनही काढले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमची जागा चौरस आहे असे धरले, तर एक बाजू 66 फूट आणि चारी बाजू मिळून 264 फूट होतात. एवढ्या लांबीला सगळीकडे एकाच प्रकारचे कुंपण घातले की बैठे घर त्यात कोंडल्यासारखे दिसते, आणि त्याची गरजही नसते. रस्त्याकडची बाजू येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते आणि तुम्हाला पडवीतून दिवसभर दिसते, म्हणून खर्च आणि कष्ट तिथे घाला; शेजाऱ्यांकडच्या दोन्ही बाजू झाडांनी भरा; मागची बाजू साधी जाळी लावून झाकून टाका.

दर्शनी बाजूला माझ्या मते जांभ्याच्या, म्हणजे कोकणातल्या तांबड्या सच्छिद्र दगडाच्या, गडग्यासारखे दुसरे काही नाही. गडगा म्हणजे चुना किंवा सिमेंट न वापरता, दगडावर दगड बसवत रचलेली बुटकी भिंत. ती तळाशी सुमारे दोन फूट रुंद आणि वर निमुळती ठेवावी, उंची अडीच फुटांच्या आसपास पुरते. पडवीत खुर्ची टाकून बसलेल्या माणसाची नजर तिच्यावरून सहज रस्त्यापर्यंत जाते. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जमीन बहुधा उताराची असते. अशा ठिकाणी पाणी जायला भोके न ठेवता बांधलेल्या सिमेंटच्या भिंतीमागे पाणी तुंबते आणि ती फुगते किंवा कलते. गडग्याच्या फटींतून मात्र पाणी निवांत झिरपून जाते. एखादा दगड ढासळला तर तो पुन्हा उचलून ठेवता येतो.

पण मला गडगा आवडतो तो आणखी एका कारणाने. जुलैच्या मध्यावर माझ्या गडग्याजवळ उभे राहिले की दगडाचा तांबडा रंग जवळजवळ नाहीसा झालेला असतो: खालच्या थरांवर मखमलीसारखे शेवाळ, फटींतून बाहेर आलेले बोटभर नेचे, आणि माथ्यावर जिथे मूठभर माती साचली आहे तिथे आपोआप उगवलेला गुलाबी तेरडा. यातले काहीही मी लावलेले नाही. दिवाळीनंतर ते सगळे वाळते आणि तांबडा दगड पुन्हा वर येतो, म्हणजे एकाच कुंपणाची वर्षात दोन रूपे पाहायला मिळतात. यासाठी एक कळकळीची विनंती आहे: जांभ्याला गिलावा करू नका आणि ऑइलपेंट तर मुळीच लावू नका. सच्छिद्र दगड ओल धरतो, रंगाचे पोपडे सुटतात आणि दोन पावसाळ्यांत ते कुंपण आजारी दिसू लागते.

मोकाट गुरांसाठी अडीच फूट उंची अपुरी वाटली, तर गडग्याच्या माथ्यावर बांबूच्या दोन आडव्या काठ्या घ्या. दगडाच्या जडपणावर ती हलकी रेघ फार चांगली दिसते. वानरांसाठी मात्र उंची वाढवत बसू नका, त्यांना कोणतेच कुंपण अडवत नाही.

बांबूबाबत माझी चूक सांगतो. पहिल्या वेळी मी संपूर्ण पुढची बाजू उभ्या बांबूंची केली आणि त्यांची टोके सरळ मातीत गाडली. पहिले चार महिने ते कुंपण इतके देखणे दिसत होते की लोक थांबून पाहत. पावसाळा संपल्यावर एक काठी हलवून पाहिली तर ती जमिनीलगत मोडून हातात आली. आत वाळवीने मातीच्या नळ्या केल्या होत्या. तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो. बांबू निदान तीन वर्षांचा, पावसाळा सरल्यावर तोडलेला घेतो. बोरिक अॅसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात तो आठवडाभर बुडवून ठेवतो. आणि त्याचा मातीशी संबंध येऊ देत नाही. खांब दगडाचे किंवा गॅल्व्हनाइज्ड पाइपचे, आणि बांबू जमिनीपासून वीतभर वर. बांधायला तारेऐवजी काथ्या वापरतो, कारण खाऱ्या हवेत तार गंजते आणि तिचे डाग बांबूवर उतरतात. काथ्याच्या गाठी दर वर्षी मे महिन्यात नव्याने बांधाव्या लागतात, पण ते एका सकाळचे काम आहे.

फाटकाच्या जागी जागा असेल तर जुन्या पद्धतीचे बेडे करा. दोन्ही बाजूंना भोके पाडलेले लाकडी किंवा दगडी खांब, आणि त्यांत सरकवायच्या तीन काठ्या, एवढेच त्यात असते. कोणी आले की काठी सरकल्याचा आवाज पडवीत ऐकू येतो. गाडी रोज आत घ्यायची असेल तर ते गैरसोयीचे होईल. मग मोठे फाटक वेगळे ठेवून पायवाटेपुरते बेडे करावे.

बाजूंना जास्वंद लावा. दोन दोन फुटांवर फांद्या रोवल्या की दोन-तीन वर्षांत दाट वई, म्हणजे झाडांचे जिवंत कुंपण, होते आणि पूजेला फुले मिळतात. लवकर वाढ हवी असेल तर गिरिपुष्पाच्या चार-पाच फुटी काठ्या मृगाच्या पावसावर रोवा. त्या हमखास जगतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने झडलेल्या फांद्यांवर फिकट गुलाबी फुलांचे घोस येतात, आणि छाटलेला पाला आंबा-नारळाच्या आळ्यांत खत म्हणून जातो. मात्र त्याच्या बिया आणि साल विषारी असतात. घरात लहान मुले असतील तर कण्हेर आणि मोगली एरंडही कुंपणाला नकोत.

मागच्या बाजूच्या चेनलिंक जाळीला पांढरा किंवा चंदेरी रंग ठेवू नका. गडद हिरवी किंवा काळी जाळी झाडांच्या सावलीत दिसेनाशी होते आणि नजर तिच्यावर अडकत नाही. तिच्यावर कृष्णकमळ किंवा गोकर्ण चढवा. बोगनवेल जड होते, तिच्या वजनाने जाळीचे हलके लोखंडी खांब (अँगल) वाकतात.

हे सगळे सुरू करण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करून हद्द कायम मोजणी, म्हणजे जागेच्या सीमा ठरवून देणारी सरकारी मोजणी, करून घ्या आणि शेजाऱ्यांना खुणा दाखवा. ग्रामपंचायतीत रस्त्यापासून किती अंतर सोडायचे तेही विचारा. मोजणीला वेळ लागतो, म्हणून अर्ज आत्ताच करा. गडगा एप्रिलमध्ये रचून झाला, तर जूनमध्ये मृगाच्या पावसावर बाजूच्या फांद्या रोवता येतील.