जनावरांची झाडपाला औषधं शिकायला निघालीस, तर आधी हे ऐक

पहिलं शिबिर पावसाळ्यात कर. श्रावण-भाद्रपदात जव्हार किंवा अकोले तालुक्याच्या डोंगरात पानं, फुलं, फळं एकत्र दिसतात आणि वनस्पती नीट ओळखता येते. ओळख पक्की होईपर्यंत औषध बनवायची घाई नको. त्याच दिवसांत कळलावी फुललेली असते. दिसायला देखणी, पण कंद जहाल विषारी. घाणेरीचं झुडूप (टणटणी) खाल्लेल्या गुराचं यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलून निघते. म्हणून माझ्या वहीची पहिली पानं विषारी झाडांची आहेत.

शिबिराइतकंच गोठ्यात शिक. कासदाहाचा, म्हणजे गाईची कास सुजते त्या आजाराचा, लेप स्वतः करून बघ: २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना एकत्र वाटायचा. कास धुऊन, सडातलं खराब दूध पिळून टाकायचं, मग मूठभर लगदा पाण्यात पातळ करून सगळ्या कासेला चोळायचा. दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. लेप सोपा आहे, खरे कष्ट त्या दहा वेळांचे. गाय तापली, चारा सोडला, तर थांबू नकोस, पशुवैद्यकाला बोलाव.

गाईचा उपाय कुत्र्याला लावायचा नाही. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात.

आणि धनगर काका-मावशींकडे जाशील तेव्हा लगेच वही काढू नकोस. दोन दिवस कळपामागे चाल. त्यांनी सांगितलेलं लिहिण्याआधी त्यांची परवानगी घे, त्यांचं नाव घालायचं का तेही विचार. मूळ खणून आणू नकोस, पानावर भागत असेल तर पानच घे.