वाचकांचे प्रश्न : कोणते सिगार मुरवावेत आणि कोणते ओढून टाकावेत?

प्रश्न : गेल्या वर्षापासून मला सिगारची आवड लागली असून आता थोडा संग्रह जमू लागला आहे. दुबईत राहणाऱ्या थोरल्या भावाने मागच्या खेपेस क्यूबाच्या पार्तागास सेरी डी क्रमांक 4 ची 25 सिगारांची पेटी आणून दिली. ती अजून फोडलेली नाही. याशिवाय क्यूबाच्याच ओयो दे मोंतेरेयचे एपिक्योर क्रमांक 2 पाच-सहा आहेत, निकाराग्वाचे पाद्रोन 1964 तीन आहेत, वरचे पान कनेटिकटचे असलेले काही डोमिनिकन सिगार आहेत आणि कोणीतरी भेट दिलेली व्हॅनिलाच्या वासाच्या सिगारांची एक डबी आहे. सिगार काही वर्षे ठेवला की सुधारतो, असे जाणकार सांगतात. मग यांतले कोणते ठेवावेत? आमचे घर पुण्यात वरच्या मजल्यावर असून मे महिन्यात दुपारी चांगलेच उकडते. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या ऐवजात मुरवण्याजोगी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे पार्तागासची पेटी. बाकीचे सिगार येत्या वर्ष-दीड वर्षात निवांतपणे ओढून संपवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते वाईट आहेत म्हणून नव्हे, तर ठेवून त्यांच्यात आपल्याला जाणवेल असा फायदा होण्याची शक्यता फार कमी आहे म्हणून.

सिगार मुरतो तेव्हा त्यात नवीन काही येत नाही, जे जास्त असते ते कमी होत जाते. तंबाखूच्या पानांना गुंडाळण्यापूर्वीच ढीग रचून आंबवलेले असते. पण ती क्रिया तिथे पूर्ण थांबत नाही आणि सिगार तयार झाल्यावरही अतिशय मंद गतीने चालू राहते. तिच्यातून अमोनिया बाहेर पडतो, आणि ताज्या सिगारचा धूर नाकाला झोंबतो किंवा जिभेच्या मागच्या बाजूला कडवट लागतो त्यामागे बऱ्याच अंशी हेच कारण असते. पहिल्या काही महिन्यांत हा वास सरतो, पुढच्या वर्षांत तुरटपणा आणि धार कमी होते, आणि मग आधी धारेखाली दबलेल्या चवी वर येतात. याचाच अर्थ असा की ज्या सिगारमध्ये धार मुळातच नाही, त्याच्याकडून काळ घेणार तरी काय? तो फक्त फिका पडतो.

धार कुठून येते, हे एकदा समजले की निवड सोपी होते. क्यूबातील पिनार देल रिओ प्रांतात, विशेषतः वुएल्ता आबाहोच्या परिसरात, तंबाखूच्या झाडाची पाने खालून वर टप्प्याटप्प्याने खुडतात. खालची पाने, ज्यांना तिथे बोलादो म्हणतात, चवीला सौम्य असतात आणि सिगार नीट जळावा म्हणून घातली जातात. मधली सेको पाने सुगंध देतात, तर वरची लिहेरो पाने सर्वाधिक ऊन खाल्लेली, जाड, तेलकट आणि जहाल असतात व हळू जळतात. पोटात लिहेरो जास्त असेल तो सिगार टिकतो आणि बदलतो. पार्तागास सेरी डी क्रमांक 4 आणि एपिक्योर क्रमांक 2 हे दोन्ही रोबुस्तो घाटाचे असून दोघांचीही लांबी 124 मिलिमीटर आणि जाडी 50 रिंग आहे, म्हणजे एका इंचाचे 64 भाग केले तर त्यांतले 50. मापाने जुळी भावंडेच म्हणा. तरीही पार्तागास जहाल गटात गणला जातो आणि ओयो सौम्य गटात, कारण पोटातल्या पानांचे प्रमाण वेगळे आहे. जाड सिगार मुरतो आणि बारीक मुरत नाही, हा समज म्हणूनच अर्धवट आहे. जाडी-लांबीने मुरण्याचा वेग ठरतो, म्हणजे बारीक सिगार लवकर आणि जाड सिगार उशिरा तयार होतो. पण मुरवण्यात अर्थ आहे की नाही, हे पाने ठरवतात. एपिक्योर दोन-तीन वर्षे ठेवून अधिक गोलाईदार झाल्याचे सांगणारे आहेत आणि ते खोटे बोलत नाहीत. परंतु पाच-सहा नगांवर, तेही नवख्या जिभेने, तो फरक हाती लागणे कठीण आहे.

पाद्रोनची गोष्ट निराळी. 1964 ही मालिका कंपनीच्या स्थापनेच्या तिसाव्या वर्षी, 1994 मध्ये, बाजारात आली आणि तिच्यातली तंबाखू सिगार होण्यापूर्वीच चार वर्षे मुरवलेली असते. निकाराग्वा आणि डोमिनिकन प्रजासत्ताकातील चांगले उत्पादक बहुधा पान मुरवून मगच सिगार बांधतात, तर क्यूबाचे सिगार त्या मानाने कोवळेच बाहेर पडतात आणि उरलेले काम घेणाऱ्यावर सोडले जाते. निर्मात्याने जे काम आधीच करून दिले आहे ते घरी पुन्हा करत बसण्यात हशील नाही. तीन पाद्रोन तीन चांगल्या संध्याकाळींसाठी ठेवावेत. कनेटिकटचे पान तर कापडाच्या मांडवाखाली सावलीत वाढवतात. ते पातळ, फिकट आणि नाजूक असते; त्याचा ताजा, थोडासा गवताळ गोडवा हीच त्याची मौज आहे आणि नेमका तोच आधी उडतो. व्हॅनिलाच्या डबीविषयी मात्र सल्ल्यापेक्षा इशारा द्यावासा वाटतो. तंबाखू वास फार चटकन ओढून घेते, त्यामुळे ती डबी इतर सिगारांच्या शेजारी एक आठवडाही ठेवू नये, नाहीतर पार्तागासच्या पेटीला कस्टर्डचा वास येऊ लागेल.

आता पेटीकडे वळू. सर्वप्रथम ती उलटी करून तळ पाहावा. क्यूबात हातांनी बनवल्याचे सांगणारे स्पॅनिश शब्द लाकडावर तापल्या ठशाने उमटवलेले असतात, आणि त्यांच्याजवळ शाईचा शिक्का असतो. त्यात कारखान्याची सांकेतिक अक्षरे आणि पेटी भरल्याचा महिना व वर्ष असते. महिना स्पॅनिश आद्याक्षरांत असतो, म्हणजे जानेवारीसाठी एने, एप्रिलसाठी आब्र, ऑगस्टसाठी आगो, डिसेंबरसाठी दिक. ही तारीख पेटी भरल्याची असते, पान खुडल्याची नव्हे. पण हिशेब तिथूनच मांडायचा. शिक्का दोन-तीन वर्षे जुना निघाला तर मुरण्याचा पहिला, सर्वांत खडबडीत टप्पा दुकानाच्या किंवा आपल्या भावाच्या घरीच उरकला, असे समजावे. सहा-आठ महिन्यांपूर्वीचा असेल तर निदान वर्षभर तरी पेटीला हात लावू नये असे मी म्हणालो असतो, पण एक अपवाद करावाच लागेल.

तो अपवाद असा, की एक सिगार आत्ताच ओढावा. मुरलेला सिगार कसा लागतो हे कळायचे असेल तर न मुरलेला कसा लागला होता याची नोंद हवी. सुरुवातीच्या एक तृतीयांश भागात कडवटपणा किती होता, राख सरळ पडत होती की एका बाजूने जळत होता, ओढायला घट्ट होता का, विझवल्यावर तोंडात काय उरले, एवढे चार ओळींत लिहून ती चिठ्ठी पेटीतच ठेवावी. मग दर सहा महिन्यांनी एक. या पद्धतीने तीन वर्षांत सहा-सात सिगार खर्ची पडतील आणि अठरा-एकोणीस उरतील. त्याच सुमारास आपल्याला कळेल की आपल्या जिभेला हा सिगार तीन वर्षांचा आवडतो की त्याला आणखी चार वर्षे द्यावीत. म्हणूनच मुरवायचा तो सिगार पेटीने घ्यावा, सुटा नव्हे, हा माझा आग्रह असतो. सात वेगवेगळे सुटे सिगार पाच वर्षे ठेवले तर शेवटी सात अनुभव हाती येतात, पण त्यांतल्या एकाचीही तुलना कशाशी करता येत नाही. 2016 च्या बॅगेज नियमांत परदेशातून बिनकराने आणायच्या सिगारांची मर्यादा 25 ठेवलेली होती, म्हणजे एका प्रवासात एक पेटी. नवख्याला अशी मर्यादा शिस्त म्हणून उपयोगीच पडते.

एक गोष्ट काळाने सुधारत नाही, ती म्हणजे बांधणी. आतली पाने पिळवटून घट्ट बसली असतील आणि ओढताना गाल दुखत असतील, तर आर्द्रता जराशी उतरवल्यावर थोडा फरक पडतो. पण खरोखर तुंबलेला सिगार दहा वर्षांनीही तुंबलेलाच राहतो. पहिल्या दोन-तीन नगांतच हा दोष दिसला तर पेटी मुरवण्याचा विचार सोडून द्यावा. आणि धूर सौम्य लागू लागला म्हणजे तो निरुपद्रवी झाला, असे कोणी समजू नये. मुरण्याने चव बदलते, तंबाखूचे अपाय तसेच राहतात.

पुण्याच्या उन्हाळ्याची आपली काळजी रास्त आहे, किंबहुना निवडीपेक्षाही ती महत्त्वाची आहे. दीर्घकाळ ठेवायचे असेल तर आर्द्रता 62 ते 65 टक्के आणि तापमान शक्यतो 18 ते 20 अंश सेल्सिअस असावे. डब्यातली आर्द्रता राखण्यासाठी दुकानातून मिळणाऱ्या 69 किंवा 72 टक्क्यांच्या पुड्या रोज ओढायच्या सिगारांसाठी ठीक आहेत, मुरवण्यासाठी 65 ची घ्यावी. तापमान चोविसाच्या वर राहू लागले की तंबाखूतल्या किड्याच्या अंड्यांतून अळ्या बाहेर पडण्याचा धोका वाढतो. हा किडा आपल्याकडे अनोळखी नाही, साठवलेल्या हळकुंडांना भोके पाडणारा तोच. सिगारवर टाचणीने टोचल्यासारखे गोल भोक आणि खाली बारीक भुकटी दिसली की तो आला असे ओळखावे. उपाय सोपा आहे, मात्र घाईने करू नये. सिगार दुहेरी पिशवीत हवाबंद करून एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मग तीन दिवस फ्रीजरमध्ये, मग पुन्हा एक दिवस खाली ठेवावेत आणि त्यानंतरच बाहेर काढावेत. थेट फ्रीजरमधून उकाड्यात आणले तर वरचे पान चरकन फाटते. सिगार कायमचे साध्या फ्रिजमध्ये ठेवण्याची कल्पना मात्र सोडून द्यावी, कारण आतली हवा कोरडी असते आणि कालच्या कोलंबीचा वास तिला असतो.

जागा म्हणून घरातली सर्वांत थंड, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर असलेली खोली निवडावी. नक्षीदार लाकडी ह्युमिडॉरचा, म्हणजे आर्द्रता राखणाऱ्या सिगारपेटीचा, मोह आवरता आला तर उत्तम, कारण स्वस्त ह्युमिडॉरचे झाकण क्वचितच नीट बसते. रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा मोठा डबा, आधी काही दिवस उघडा ठेवून त्याचा वास घालवलेला, आणि त्यात अख्खी पेटी, हे माझ्या मते पुण्यात अधिक भरवशाचे आहे. पेटीचे लाकूड स्पॅनिश सीडारचे असते. नावात सीडार असला तरी हे झाड देवदाराच्या कुळातले नाही, महोगनी आणि आपला कडुनिंब ज्या कुळात मोडतात त्यातले आहे. त्याचा मंद वास सिगारला मानवतो आणि ते ओलावा धरून ठेवते, म्हणून पेटी फेकून देऊ नये. मे महिन्यात खोली तीस अंशांखाली उतरतच नसेल तर वाइन ठेवण्याचे छोटे विजेचे कपाट घ्यावे आणि डबा त्यात ठेवावा. तेवढा खर्च करायचा नसेल तर पेटीही मुरवू नये, पुढच्या हिवाळ्यापर्यंत ओढून टाकावी.

आर्द्रता मोजणाऱ्या यंत्रावर पहिल्याच दिवशी विश्वास ठेवू नये. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन ते चिखलाइतपतच ओले करावे, पाणी वर तरंगू देऊ नये; ते टोपण आणि यंत्र एका बंद पिशवीत रात्रभर ठेवावे. सकाळी आकडा 75 हवा. 71 दाखवला तर यंत्र चार अंकांनी कमी सांगते, हे त्याच्या पाठीवर लिहून ठेवावे.

पुढची पेटी घ्यायची झाल्यास रामोन अयोनेसचा स्पेशली सिलेक्टेड किंवा बोलिवारचा रॉयल कोरोनास यांचा विचार करावा. दोन्ही त्याच रोबुस्तो मापाचे आणि तितकेच जहाल असल्याने पार्तागासशी तुलना सरळ होईल. पार्तागासचाच लुसितानिया, 194 मिलिमीटर लांबीचा, मुरवणाऱ्यांचा जुना लाडका आहे. पण तो सावकाश तयार होतो आणि एकेक ओढायला दोन तास मोकळे लागतात, म्हणून तो दुसऱ्या नव्हे, तिसऱ्या पेटीसाठी राखावा.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या मुरायला ठेवलेल्या सिगारांवर पांढरी भुकटी दिसू लागली आहे. सिगार उत्तम मुरल्याची ती खूण असते, असे एका मित्राने सांगितले. हे खरे आहे का?
— एक वाचक, दादर

उत्तर : आपल्या मित्राचे ऐकू नये. पानातली तेले वर येऊन स्फटिकासारखी चमकतात, असे सांगण्याची प्रथा जुनी आहे. प्रत्यक्षात दिसणारी पांढरी भुकटी जवळपास नेहमी बुरशीच असते, आणि जुलै महिन्यात मुंबईच्या हवेत तर दुसरे काही असण्याचे कारणच नाही. भिंगातून पाहिल्यास कापसाच्या तंतूंसारखे केस आणि गोल ठिपके दिसतील. पेटवण्याच्या टोकाला, म्हणजे आतल्या पानांवर, ते असतील तर सिगार निःसंकोच फेकावा. फक्त वरच्या पानावर असले तरी नवख्याने तो पुसून ओढण्याच्या भानगडीत पडू नये. उरलेले सिगार बाहेर काढून डबा कोरडा पुसावा, आर्द्रतेची पुडी 62 ची ठेवावी आणि पावसाळाभर तो डबा महिन्यातून एकदाच, तोही वातानुकूलित खोलीत उघडावा.