लांडगा, मेंढरं आणि मुंबईतून आलेली पत्रं

मागच्या अंकात माळरानावरच्या लांडग्यांवर दोन पानं छापली होती, त्यावर एवढी पत्रं आली की संपादक म्हणाले यावेळचं सदर लांडग्यालाच देऊन टाका. पाच घेतलीत, थोडी छाटून, प्रत्येकाखाली माझं उत्तर.

ताई, मी घाटकोपरला राहतो, माथाडीत आहे, गाव माण तालुक्यात. मामांचा मेंढरांचा वाडा आहे. गेल्या महिन्यात एका रात्रीत लांडग्यांनी चार कोकरं नेली. मामा म्हणतात मेलेल्या मेंढीत औषध घालून ठेवतो, एकदाचा निकाल लागू दे. मी फोनवर नको म्हणालो तर म्हणाले तू मुंबईत बसून मला शिकवू नको. काय सांगू त्यांना?

मुंबईत बसून शिकवू नको हे मामांचं म्हणणं मला पटतं हो. लांडगा वाचवा म्हणणारे आपण सगळे दादर-ठाण्यातले आणि त्याचं बिल भरणार मामा, वर्षानुवर्षं हेच चाललंय. त्यामुळे त्यांना आधी हे सांगा की तुमचं नुकसान खरं आहे. प्राणीप्रेम वगैरे नंतर.

आता औषधाचं. ते लांडगा एकटाच खाईल असं थोडंच आहे, वाड्याची स्वतःची कुत्री आधी खातील, मग घारी, मग गावातलं कुणाचं तरी कुत्रं. आणि कायदा लई कडक आहे, लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत, मारला तर कमीत कमी 3 वर्षं आणि जास्तीत जास्त 7 वर्षं तुरुंग, वर किमान 25,000 रुपये दंड. चार कोकरांपायी म्हातारपणी कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवणार. बिळात धूर करून किंवा तोंडाशी दगड रचून पिल्लं मारतात काही ठिकाणी, तोही गुन्हा याच कायद्यात बसतो. शिवाय एक टोळी संपली म्हणून रान मोकळं राहतं असंही नाही, विरार लोकलमध्ये विंडो सीट रिकामी व्हावी तसं, दुसरं कोणीतरी येऊन बसतंच. दुसरे लांडगे नाही आले तर भटकी कुत्री येतात, आणि ती माणसाला भीत नाहीत.

मग करायचं काय? भरपाई. शेळी, मेंढी, गाय लांडग्याने मारली तर वन विभाग पैसे देतो, पण 48 तासांच्या आत कळवावं लागतं आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही. 1926 हा वन विभागाचा हेल्पलाइन नंबर मामांच्या फोनमध्ये तुम्ही स्वतः सेव्ह करून द्या. खरी गोची पुढेच आहे, मेंढी मारली तर ती तिथे पडलेली तरी असते, कोकरू उचलून नेलं की मागे काय राहतं? थोडं रक्त, थोडी लोकर आणि पायाचे ठसे. ते उजाडल्या उजाडल्या, मेंढरांनी तुडवायच्या आत, मोबाईलवर काढून ठेवायचे, शेजारी काडेपेटी ठेवून म्हणजे ठशाचा आकार कळतो, आणि गावच्या पोलीस पाटलाला बोलवायचं. दिवाळीनंतर वाडा परमुलखात गेला की तर अजूनच अवघड, ना तालुका ओळखीचा ना तिथला वनरक्षक, त्यामुळे बरेच धनगर अर्जच करत नाहीत आणि सरकारदरबारी आकडा दिसतो की नुकसान फारसं नाहीच. इथे तुमचा उपयोग आहे बघा. मामा रानात, तुम्ही मुंबईत नेट असलेल्या जागी. अर्ज, फोटो, बँक पासबुकाची प्रत, पाठपुरावा हे तुम्ही धरा. मुंबईत बसून शिकवण्यापेक्षा हे बरं.

बाकी राखणीचं मामांना मी काय सांगणार, वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण, कशी लावायची ते त्यांच्या रक्तात आहे. फक्त एवढंच विचारा की त्या रात्री कोकरं वाघरीच्या मधोमध होती की कडेला, आणि कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस टोचलीय का. कुत्र्याकडून आजार लांडग्याला जातो, आणि पिसाळलेला लांडगा वाड्यात शिरला की काय होतं ते त्या भागात कुणाला सांगायला नको.

जाता जाता, लडाखमध्ये लांडगा पकडायला दगडी खड्डे बांधायचे, शांगडोंग म्हणतात, आत जिवंत जनावर ठेवायचं, लांडगा उडी मारून आत आला की वर चढता येत नाही, मग वरून दगड. चुशुलच्या मेंढपाळांनी 2018 मध्ये असा खड्डा निकामी केला आणि शेजारी स्तूप बांधला. पण नुसत्या उपदेशाने नाही, गोठे पक्के करायला मदत मिळत गेली, मग मनं वळली.

आमच्या कांजूरमार्गच्या सोसायटीमागे खाडीच्या बाजूला रात्री लांडगा दिसला, व्हिडिओ पाठवलाय. ग्रुपवर सगळे घाबरलेत.

तो कोल्हा आहे. मुंबईत लांडगा नाही, खारफुटीत कोल्हे आहेत आणि ते आपल्या सगळ्यांच्या आधीपासून आहेत. खायला घालू नका, कचरा उघडा टाकू नका, आणि दिवसाढवळ्या झोकांड्या खात फिरताना दिसला तर जवळ न जाता 1926 ला फोन. 2024 मध्ये चेंबूरकडच्या कोल्ह्यांमध्ये रेबीज सापडला होता म्हणून सांगते. ग्रुपवर हे पण टाका, फक्त व्हिडिओ नको.

मी फोटोग्राफी करतो, डोंबिवलीहून दर विकेंडला बाहेर असतो. लांडग्याच्या पिल्लांचे फोटो हवेत. बिळाचं लोकेशन मिळेल का?

नाही मिळणार. राग मानू नका दादा. आपल्याकडे पिल्लं साधारण हिवाळ्यात होतात, त्या दिवसांत बिळाभोवती माणसं, गाड्या, ड्रोन घिरट्या घालायला लागले की आई एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि त्या धावपळीत कुत्र्यांच्या तावडीत सापडायला वेळ लागत नाही. इंदापूरजवळ कडबनवाडीला आणि बारामतीजवळ शिर्सुफळला वन विभागाने गवताळ सफारी सुरू केलीय, गावातलीच पोरं गाईड असतात, रीतसर बुकिंग करून जा. तिथे पैसे गावात जातात, माळ राखला तर चार पैसे मिळतात हे गावाला दिसतं. फोटो नाही मिळाला तर नाही मिळाला. आणि मिळालाच तर जीपीएस काढून टाका, जागेचं नाव लिहू नका.

आम्ही बोरिवलीच्या काही मैत्रिणींनी सासवडच्या पुढे प्लॉट घेतलेत. आसपास नुसता उजाड माळ आहे, पावसाळ्यात दोन हजार झाडं लावायचा विचार आहे. शिवाय तिथे लांडगे आहेत म्हणतात, नातवंडांना न्यायची भीती वाटते. उत्तर प्रदेशात बहराइचला लांडग्यांनी मुलं मारली ते टीव्हीवर पाहिलंय.

आधी भीतीचं. बहराइचला 2024 मध्ये जे झालं ते भयंकरच होतं, लहान मुलं गेली, ते कमी लेखणार नाही. घरांना नीट दारं नाहीत, मुलं अंगणात झोपलेली, अशी ती गावं. पण एकूण चित्र असं की 2002 ते 2020 या काळात जगभरात लांडग्याने हल्ला केलेले 489 लोक नोंदवले गेले, त्यातले 26 दगावले, आणि बहुतेक हल्ले पिसाळलेल्या लांडग्यांचे होते. तुमच्या प्लॉटवर नातवंडांना लांडग्यापेक्षा भटक्या कुत्र्याचा आणि विंचवाचा धोका जास्त. अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडायचं नाही, चिकनचा उरलासुरला कचरा कुंपणाबाहेर भिरकावायचा नाही, बस. पोल्ट्रीवाल्यांनी टाकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर कुत्री आणि लांडगे एकत्र येतात, तिथेच आजार पसरतात आणि संकरही होतो. पुण्याजवळ लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झालाय, 2023 मध्ये त्यावर पेपर आला. देशात लांडगे अंदाजे 3,100, वाघांपेक्षाही कमी, त्यात हे.

आता झाडं. कृपा करून लावू नका! तो माळ उजाड नाहीये, तुम्ही उन्हाळ्यात पाहिलाय म्हणून तसं वाटतंय. सप्टेंबरात जा, पवना, मारवेल, कुसळी कमरेपर्यंत येतं, त्यात चंडोल अंडी घालतात, ससे असतात, नशीब असेल तर चिंकारा. तिथे जेमतेम पाऊस आणि मुरमाड जमीन, गवतच तिथलं जंगल आहे. सातबाऱ्यावर पडीक लिहिलं की सगळ्यांना वाटतं रिकामी जागा आहे, मग कोणी ग्लिरिसिडियाची झाडं लावतं, कोणी सोलर पार्क, कोणी प्लॉटिंग. लांडग्यांच्या एका टोळीला दीडशे-दोनशे चौरस किलोमीटर रान लागतं, त्याचे असे तुकडे पडले की ससा नाही, चिंकारा नाही, मग लांडगा मेंढरांकडेच येणार ना. वरच्या पत्रातल्या मामांची कोकरं आणि तुमचं कंपाउंड, यांचा संबंध आहे हे जरा कडू लागेल. प्लॉट घेतलाय तर घेतलाय, आता एवढं करा: पक्की भिंत न घालता जनावर जाईल अशी जागा सोडा, रात्रभर फ्लडलाइट नको, गवत जाळू नका, आणि धनगरांचा वाडा पावसाळ्यानंतर तुमच्या भागात उतरत असेल तर बसू द्या, आजवर बसायचे तसे. लेंड्यांचं खत फुकट मिळेल. झाडं लावायची हौस असेल तर बोरिवलीत रस्त्याकडेला खूप जागा आहे.

मी निवृत्त शिक्षक, मुलुंड. अमेरिकेत यलोस्टोनमध्ये लांडगे परत आणल्यावर निसर्ग सुधारला असं वाचलं. आपल्या नॅशनल पार्कात सोडले तर?

सर, यलोस्टोन जवळपास 9,000 चौरस किलोमीटर, तिथे 1995 मध्ये कॅनडाहून पहिले 14 आणले. आपलं संजय गांधी उद्यान 104 च्या आसपास, दाट पावसाळी जंगल आणि त्यात पन्नासच्या वर बिबटे. माळावरचा प्राणी तिथे दोन दिवस टिकायचा नाही. आणि आपल्याला कुठून आणायचेही नाहीत, मुंबईहून चार-पाच तासांवर आहेतच ते. तुमच्यासारख्या लिहित्या माणसाला एक काम सांगू? आपल्या आमदारांना पत्र लिहा की फिरत्या मेंढपाळांची भरपाई ते ज्या तालुक्यात असतील तिथेच, ठरलेल्या मुदतीत मिळावी. प्रत मला पाठवा, पुढच्या अंकात छापू.