मागणे संपल्यावरचे बसणे

चि. करुणा हिस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या रविवारी फोनवर तू जे विचारलेस त्याचे उत्तर घाईत देण्यासारखे नव्हते, म्हणून लिहितो आहे. तुझा प्रश्न असा होता : नगरला आजी रात्रीची कौटुंबिक प्रार्थना संपल्यावर, सगळे ‘आमेन’ म्हणून उठून गेल्यावरही तशीच बसून राहते आणि काहीच बोलत नाही, ते काय आहे? ते ध्यान असेल तर आपल्यात चालते का? आणि अभ्यास, ग्रंथालयातली नोकरी आणि चर्चचे गायनमंडळ यांत आठवडा संपून जाणाऱ्या तुझ्यासारख्या मुलीला ते जमण्यासारखे आहे का?

आजीचा क्रम तू सुट्टीत पाहिला आहेस, पण तो बारकाईने पाहिला असशील असे वाटत नाही. जेवणे होतात, भांडी घासून पालथी घातली जातात, ओटा पुसला जातो, आणि मगच ती पदर डोक्यावरून घेऊन सतरंजीवर बसते. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकातले एक गीत होते, शास्त्रपाठ होतो, मग ती प्रार्थना करते. त्या प्रार्थनेत गल्लीतल्या आजारी माणसांपासून तुझ्या परीक्षेपर्यंत सगळ्यांची नावे येतात. ‘आमेन’नंतर ती चष्मा काढून पवित्र शास्त्रात खुणेसारखा ठेवते, पुस्तक मिटते आणि बसते. शेजारच्या घरात मालिका चालू असते, रस्त्यावरून रिक्षा जात असतात, आणि तिला त्याचा त्रास होत असल्याचे मी कधी पाहिले नाही. तिला बोलायचे होते ते बोलून झालेले असते. आता ती ज्याच्याशी बोलली त्याच्याजवळ थोडा वेळ थांबते. तुझ्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे, आणि पुढचे सगळे त्यातूनच निघते.

पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेतले 131 वे स्तोत्र अगदी लहान आहे. आज रात्री काढून वाच. त्यात स्तोत्रकर्ता आपल्या जिवाला दूध तुटलेल्या बाळाची उपमा देतो. अंगावर पिणारे बाळ आईजवळ येते ते भुकेने, आणि रडतच. दूध तुटलेले बाळही आईजवळ येते, पण त्याला आता तिच्याकडून काही मिळवायचे नसते. ते नुसते टेकून बसते. मागण्याची प्रार्थना कमी प्रतीची असे मी म्हणणार नाही, कारण प्रभूनेच आपल्याला रोजची भाकर मागायला शिकवले आहे. मात्र मागून झाल्याबरोबर उठून जायचे, ही सवय आपल्या घरांत आणि मंडळ्यांत फार पक्की झाली आहे. आपली मराठी उपासना घे : पेटी आहे, तबला आहे, टाळ आहेत, तासाभराचा उपदेश आहे, त्यावर सूचना आणि आभारप्रदर्शन आहे, आणि दोन गोष्टींच्या मध्ये श्वास घेण्याइतकीही जागा कोणी सोडत नाही. इथल्या टोरांटोच्या मराठी मंडळीतही पाळक क्षणभर थांबले तर लोक खाकरू लागतात, कोणीतरी विसरले आहे असे समजून.

आता ते आपल्यात चालते का, याविषयी. तुझ्या मैत्रिणीने शांत बसणे हे ‘दुसऱ्या धर्माचे’ असल्याचे सांगितले, असे तू म्हणालीस. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूम गावातल्या एका शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, हकिकत आहे. दिवसभर सभास्थान, मग शिमोन या शिष्याच्या घरी तापाने पडलेली त्याची सासू, आणि सूर्यास्तानंतर सगळे गाव दाराशी जमलेले. एवढ्या दगदगीच्या दिवसानंतर येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. शिमोन आणि सोबती त्याला शोधत येतात आणि सगळे लोक तुम्हाला शोधत आहेत असे सांगतात. त्यात थोडी तक्रारही आहे. तो मात्र गावात परत जात नाही; आपण आसपासच्या गावांत जाऊ, तिथेही मला उपदेश करायचा आहे, असे म्हणतो. आपण काय करायचे आणि काय सोडायचे हे त्याला त्या एकांतानंतर स्पष्ट सांगता आले, ही गोष्ट मला त्या प्रसंगात सर्वांत मोठी वाटते. लोकांची मागणी खरी होती, तिथले आजारीही खरे होते, तरी तो दुसरीकडे गेला. होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्याला वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतर मंद वाणी ऐकू आली, ते तुला संडे स्कूलमध्ये शिकवलेच आहे.

पुढे तिसऱ्या-चौथ्या शतकांत इजिप्तच्या वाळवंटात अंतोनी आणि त्याच्यासारखे साधू राहू लागले, आणि तेव्हापासून मंडळीत शांत प्रार्थनेची परंपरा कधी पूर्ण तुटलेली नाही. फ्रान्समधल्या तेझे इथे 1940 मध्ये ब्रदर रॉजर यांनी ज्या समाजाची सुरुवात केली, तिथे आजही प्रत्येक सामुदायिक प्रार्थनेच्या मध्ये काही मिनिटे हजारो तरुण गप्प बसतात. त्या पद्धतीची प्रार्थना कॅनडातल्या बऱ्याच शहरांत होते. तुझ्या विद्यापीठाच्या चॅपलमध्ये चौकशी कर.

आपल्या मुलखातली दोन नावे मात्र तुला माहीत असायला हवीत. पहिले रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांचे पुढचे बहुतेक आयुष्य नगरला गेले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. ज्या तुकोबांना भंडाऱ्याच्या डोंगरावरचा एकांत गोड वाटला आणि ज्यांनी वृक्षवेलींना सोयरे म्हटले, त्यांचे संस्कार घेऊन आलेल्या माणसाला ख्रिस्तापुढे निवांत बसणे परके वाटण्याचे कारण नव्हते. टिळकांनी मंडळीला अभंग, भजन आणि कीर्तन दिले. आपण त्यांतले टाळ तेवढे ठेवले आणि एकांत सोडून दिला, हे माझे मत आहे आणि ते तुझ्या काकांना मुळीच मान्य नाही.

दुसरे नाव फादर अँथनी डिमेलो यांचे. ते मुंबईत 1931 मध्ये जन्मलेले जेझुइट, म्हणजे कॅथलिक येशूसंघाचे धर्मगुरू. पुण्यात आणि नंतर लोणावळ्याला त्यांनी ‘साधना’ ही संस्था चालवली. डोळे मिटून आधी अंगावरच्या कपड्याचा स्पर्श जाणवू द्यायचा, मग श्वास, मग कानावर पडणारे आवाज, आणि त्या स्थिरतेतून प्रार्थनेकडे जायचे, असे ते धर्मगुरूंना आणि सिस्टरांना शिकवत. 1987 मध्ये ते वारले आणि 1998 मध्ये रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्यालयाने, त्यांच्या काही लेखनाविषयी सावधगिरीची सूचना काढली. त्या लेखनात येशूला इतर गुरूंपैकी एक मानल्यासारखे होते, अशी हरकत होती. ही हरकत मला पूर्ण निराधार वाटत नाही, आणि तरीही त्यांनी सांगितलेली सुरुवातीची पायरी उपयोगी आहे असे मी म्हणेन. श्वास हिंदू नसतो आणि ख्रिस्तीही नसतो. प्रश्न शांत होऊन आपण कोणापुढे बसतो हा आहे. तुझ्या फोनवरचे ते ॲप झोप यावी आणि मन हलके व्हावे म्हणून गप्प बसायला सांगते. त्यात वाईट काही नाही, पण त्यात समोर कोणी नसते. आजीसमोर असते.

ते तुला जमेल का? आजीच्या पिढीला मोकळा वेळ होता असा समज करून घेऊ नकोस. नगर जिल्ह्यातले आपले बहुतेक ख्रिस्ती लोक दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या घरांतून आले. एका खोलीत सात-आठ माणसे असत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे, तर लावायला दारच नव्हते. म्हणून आजीने दुसरी तजवीज केली. तिने वेळ शोधला नाही, रोज होणाऱ्या एका कामाला ते बसणे बांधून टाकले. ओटा पुसला की सतरंजी. आणि ओटा पुसल्याशिवाय सतरंजी नाही, हेही ध्यानात घे. येशूच्या पायाशी ऐकत बसलेल्या मरियेने चांगला वाटा निवडला हे खरे असले, तरी बैठकीच्या नावाखाली तिची कामात गुंतलेली बहीण मार्था हिच्यासारखीवर भांडी टाकणारे पुष्कळ भक्तिमान पुरुष मी पाहिले आहेत.

तूही तसेच काहीतरी धर. ग्रंथालयातून परत आल्यावर बूट काढतेस आणि लगेच फोन हातात घेतेस. त्या दोहोंच्या मध्ये जागा कर. फोन कोटाच्या खिशातच राहू दे आणि कोट दाराला. खुर्चीवर ताठ बस, पलंगावर नको, कारण दिवसभराच्या थकव्यानंतर पलंगावर झोपच येणार. ज्यांच्यासाठी मागायचे त्यांची नावे आधी घेऊन टाक. मग एखाद्या स्तोत्रातली एकच ओळ मनात म्हण आणि थांब. पाच मिनिटे पुरेत, आणि ती मोजायला घड्याळ समोर ठेवू नकोस. विचार येतील : राहिलेला निबंध, रूममेटशी झालेली कुरबूर, आईला करायचा राहिलेला फोन. त्यांना हाकलण्यात सगळी शक्ती घालवू नकोस. जे आले ते एका वाक्यात प्रभूच्या हाती दे आणि पुन्हा त्या ओळीवर ये. ते पुन्हा पुन्हा परत येणे हीच त्या वेळची प्रार्थना असते. काही दिवस काहीही जाणवणार नाही. त्यावरून बैठक फुकट गेली असा हिशेब मांडू नकोस. ज्याच्याजवळ बसलो त्याला आपले बसणे कळले, एवढे धरून उठावे.

एक सावधगिरीही सांगतो. गप्प बसल्यावर कधीकधी दाबून ठेवलेले दुःख वर येते. आजोबा गेले तेव्हा तू इथे परीक्षा देत होतीस आणि तुला रडायलाही सवड मिळाली नाही, हे मला ठाऊक आहे. रडू आले तर येऊ दे. मात्र रात्रीमागून रात्र झोप उडाली, जेवण जाईनासे झाले, तर आणखी शांत बसणे हा त्यावरचा उपाय नव्हे. विद्यापीठातल्या समुपदेशकांकडे जा, आणि आम्हाला सांग. प्रार्थना करणाऱ्याने डॉक्टरकडे जाऊ नये असे आपल्या घरात कोणी कधी शिकवलेले नाही.

आजी त्या वेळात मनात काय म्हणते, हे मी मुलगा असून तिला कधी विचारू शकलो नाही. तू विचार, नातवंडांना ती सांगते. नगरला सकाळचे सात म्हणजे तुझ्याकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ, आणि घड्याळे बदलली की साडेआठ. चहा झालेला असतो आणि ती मोकळी असते.

राहिले ते तुझ्या आठवड्याचे ओझे. गायनमंडळ सोडू नकोस, तुझा आवाज तिथे लागतो आणि गाण्याने तुलाही बरे वाटते. पण नाताळच्या कार्यक्रमाची समिती, जिच्यात तू केवळ ‘नाही’ म्हणता आले नाही म्हणून गेलीस, ती सोड. लोक तुला शोधत येतील, आणि त्यांची गरजही खरी असेल. पाळकांना याच आठवड्यात कळव, म्हणजे त्यांना दुसरे कोणी पाहायला वेळ मिळेल. आणि कळवताना लांबलचक कारणे देऊ नकोस.

तुझे,
बाबा