रेसिडेंटच्या सायकोथेरपीचं सुपरविजन: उद्या काही झालं तर जबाबदार कोण?

तुम्ही नुकतेच असिस्टंट प्रोफेसर झालात, चार रेसिडेंटच्या, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांच्या, सायकोथेरपीचं सुपरविजन तुमच्याकडे आलंय. ज्या पेशंटला तुम्ही पाहिलंही नाही, त्याने जिवाचं बरंवाईट केलं तर तुम्हाला कोर्टात जावं लागेल का, असं विचारलंय.

लागू शकतं. पेशंट तुमच्या युनिटचा असतो. पण धास्ती घेऊ नका. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की डॉक्टरचा निर्णय चुकला एवढ्यावर फौजदारी गुन्हा होत नाही, त्याला घोर निष्काळजीपणा लागतो. भरपाईचा दावा वेगळा. तिथे तुम्हाला काय माहीत होतं आणि कळल्यावर काय केलंत, यावर बरंच अवलंबून असतं.

माझ्याकडचा सेकंड इयरचा एक रेसिडेंट तासभर ट्रान्सफरन्सवर (पेशंट जुन्या नात्यांतल्या भावना थेरपिस्टवर आणतो, त्यावर) बोलला. उठता उठता म्हणाला, "सर, पेशंट आता बराच शांत वाटतो. काल बायकोला पासबुक देऊन सगळे व्यवहार समजावले म्हणे." ही निरवानिरव आत्महत्येच्या तयारीची खूण असू शकते. मी रेसिडेंटला परत खाली बसवलं. तिथूनच पेशंटच्या घरी फोन लावला. संध्याकाळी बायको पेशंटला घेऊन आली, मी स्वतः तपासलं, समजावल्यावर तो भरती व्हायला तयार झाला. त्या दिवसापासून सुपरविजनची सुरुवात मी धोक्यापासून करतो: मरणाचे विचार, कुणाला इजा करण्याची भाषा, लहान मुलाचं लैंगिक शोषण. शेवटच्या बाबतीत पॉक्सोच्या (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. पेशंटचा विश्वास तुटेल म्हणून रेसिडेंट कचरतो, तेव्हा तुम्ही त्याच्याबरोबर बसा.

गोपनीयतेचं म्हणाल, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये उपचारासाठी दुसऱ्या तज्ज्ञाला माहिती देण्याची मुभा आहे. तरी रेसिडेंट शिकतोय आणि केसची चर्चा तुमच्याशी होते, हे पेशंटला पहिल्याच सेशनला सांगायला लावा.

आणि नोंदी. कॅलिफोर्नियातल्या टॅरासॉफ खटल्यात (१९७६) पेशंटपासून एका मुलीच्या जिवाला धोका आहे हे ओळखून थेरपिस्टने पोलिसांना पत्राने कळवलं होतं. त्याच्या वरिष्ठाने मात्र ते पत्र आणि नोंदी नष्ट करायला लावल्या, असा आरोप होता. त्या मुलीचा जीव गेला. म्हणून सुपरविजनमध्ये काय ठरलं ते त्याच दिवशी केस पेपरवर वेळेसह लिहा, सही करा. पुढे काही घडलं तरी जुन्या ओळीला हात लावू नका. सुचलेलं नव्या तारखेने खाली लिहा.