सांगलीत राहून भूकंपरोधक इमारतींच्या डिझाइनमध्ये करिअर करता येते का?

आपण सांगलीत सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि आपल्याला भूकंपरोधक डिझाइन व संशोधनाकडे वळायचे आहे. त्यासाठी कायमचे बाहेर जावे लागेल का आणि आतापासून कोणते सॉफ्टवेअर शिकावे, असे आपण विचारले आहे. मी मूळची पाटण तालुक्यातली. रूरकीला एम.टेक. केल्यावर काही वर्षे संशोधन केले आणि आता साताऱ्यात स्ट्रक्चरल सल्लागार म्हणून काम करते.

सॉफ्टवेअरची घाई करू नका, ते नोकरीच्या पहिल्या काही महिन्यांत येते. आधी शिकायचे ते हे, की बांधकाम नेमके कुठे आणि कोणत्या क्रमाने मोडते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या जवळच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तोवर दक्षिणेकडचा हा भूभाग स्थिर समजला जात होता. धरणाचे गणित करताना भूकंपाचे आडवे बल वजनाच्या ०.०५ पट धरले होते. प्रत्यक्षात धरणातील उपकरणावर गुरुत्वीय त्वरणाच्या जवळपास निम्मे त्वरण नोंदले गेले. १०३ मीटर उंचीचे ते धरण उभे राहिले, परंतु सांडव्याबाहेरच्या उंच भागांत आडव्या भेगा पडल्या आणि त्याही पायाशी न पडता बऱ्याच वर, जिथे धरणाच्या पाण्याविरुद्धच्या बाजूचा उतार एकदम बदलतो त्या पातळीवर पडल्या. बल स्थिर धरून केलेल्या जुन्या गणितात ही जागा धोक्याची दिसतच नव्हती. पुढे बर्कलेचे प्राध्यापक अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धरण हलताना त्याचा वरचा भाग कसा जास्त डोलतो हे विचारात घेऊन विश्लेषण केले, तेव्हा सर्वाधिक ताण तिथेच येतो हे स्पष्ट झाले. ते भाग नंतर आधारभिंती देऊन मजबूत केले गेले, आणि आय.एस. १८९३ या भूकंपरोधक डिझाइनच्या भारतीय संहितेच्या १९७० च्या आवृत्तीत देशाचा भूकंपक्षेत्रांचा नकाशाही बदलला. माझ्या मते आपल्या भागातल्या प्रत्येक सिव्हिलच्या विद्यार्थ्याला हे प्रकरण मुळापासून शिकवायला हवे.

इमारतींच्या बाबतीत एक गोष्ट लोकांना, आणि खेदाने म्हणावे लागते की अनेक अभियंत्यांनाही, ठाऊक नसते. चांगल्या तन्य, म्हणजे एकदम न तुटता वाकून ताण सोसणाऱ्या, आरसीसी फ्रेमसाठी याच संहितेतला आर हा गुणक ५ आहे. म्हणजे इमारत कुठेही कायमची न वाकता पूर्ण लवचीक राहिली असती तर तिच्यावर जे बल आले असते, त्याच्या पाचव्या हिश्श्यासाठीच आपण तिचे डिझाइन करतो. उरलेली ऊर्जा सळया वाकून आणि ताणून पचवणार, असे त्यात गृहीत असते. हे गृहीतक खरे ठरते ते आय.एस. १३९२० या सळयांच्या मांडणीच्या संहितेप्रमाणे केलेल्या बारीकसारीक कामामुळे. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगेचे टोक १३५ अंशांत आत वळवलेले नसेल, नुसते काटकोनात मुडपलेले असेल, तर वरचे काँक्रीट गळताच रिंग उघडते, आतला गाभा फुटतो आणि उभ्या सळया बाहेर वाकतात. मग संगणकावरचे सारे गणित व्यर्थ जाते.

२००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत ज्या इमारती कोसळल्या, त्यांत खाली मोकळे पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले मजले अशी अनेक होती. सांगली-साताऱ्यातल्या नव्या अपार्टमेंटची रचना हीच आहे, त्यामुळे खालच्या कॉलमांचा विचार स्वतंत्रपणे करणारा माणूस इथेच लागतो. दुसरे मोठे काम जुन्या डबराच्या घरांचे आहे. किल्लारीला १९९३ मध्ये मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे दोन पदर सुटून ढासळले. तशी घरे पाटणच्या डोंगराळ भागात आजही आहेत. भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवणे आणि चारही भिंती बांधून ठेवणारा सलग पट्टा देणे हे उपाय माहीत आहेत, मात्र ते गरीब घरमालकाला परवडतील असे कसे करावे, यावर संशोधनाला भरपूर जागा आहे.

तेव्हा बाहेर जावेच लागेल, पण काही वर्षांपुरते. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक. करावे. रूरकीत १९६० पासून या विषयाचे स्वतंत्र शिक्षण मिळते, कानपूर आणि मुंबई आयआयटीतही सोय आहे. पीएच.डी. करून प्रयोग करायचे असतील, तर कंपन-मंच, म्हणजे बांधकामाचा नमुना भूकंपासारखा हलवून पाहण्याचे यंत्र, असलेल्या ठिकाणी अधिक काळ राहावे लागते. परत आल्यावर सुरुवातीची फी समाधानकारक नसते, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी मालक चौरस फुटाचा दर विचारतो आणि रिंगांवरचा खर्च त्याला जास्तीचा वाटतो. हे सोसण्याची तयारी ठेवा.

या सुट्टीत एखाद्या साइटवर परवानगी घेऊन कॉलमचे काँक्रीट ओतण्याआधी पोहोचा. बीम आणि कॉलम मिळतात तिथल्या रिंगा ड्रॉइंगशी ताडून पाहा, कारण त्याच सर्रास गाळल्या जातात. चौथ्या वर्षी स्ट्रक्चरल डायनॅमिक्स, म्हणजे हलत्या बांधकामांचे गणित, ऐच्छिक म्हणून मिळत असेल, तर गेटच्या अभ्यासक्रमात त्याचा फार थोडा भाग असला तरी तो विषय घ्या.