देवाच्या पोथीत नांगर कसा?

प्रश्न : नातीने मोबाइलवर इंग्लंडच्या जुन्या प्रार्थनापोथीतलं चित्र दाखवलं. चार बैलांचा नांगर, आसूडवाला गडी, गोफणीने पाखरं हाकणारा माणूस! देवाच्या पुस्तकात हे कसं?
– एक शेतकरी, जिंतूर

उत्तर : काका, ती 'लट्रेल सॉल्टर'. सॉल्टर म्हणजे बायबलमधल्या 150 स्तोत्रांची पोथी. ही लिंकनशायरचे जमीनदार सर जेफ्री लट्रेल यांनी साधारण 1325 ते 1340 दरम्यान करवून घेतली. आता ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. मजकूर लॅटिन, आणि खालच्या समासात नांगरट, पेरणी, कापणी, मळणी. पेरणीच्या पानावर एक कावळा थेट बियाण्याच्या पोत्यात चोच घालतो, तो नातीला शोधायला लावाच!

माझं मत विचाराल तर हे धन्याच्या वैभवाचं चित्रण आहे. राबणाऱ्या गड्यांचे कपडे इतके नीटनेटके कुठे असतात?

पानं कागदाची नाहीत. चुन्यात भिजवून, ताणून, खरवडलेल्या कातड्याची आहेत. मी अंबाजोगाईत पोथ्यांची डागडुजी करतो. आपल्याकडे पोथीत चुकलेलं अक्षर हरताळाने, म्हणजे एका पिवळ्या खनिजाच्या रंगाने, झाकत. तोच हरताळ युरोपातले चित्रकार पिवळ्या रंगासाठी वापरत. विषारी असतो. घरात जुनी पोथी असेल तर बोटाला थुंकी लावून पान उलटू नका.